पगार किती, किराया किती?

(देगलूर येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी गोष्ट सांगायला उभा नाही. हिशेब सांगायला उभा आहे. हिशेब म्हटले की काही मंडळी हळूच उठून बाहेर जातात. आज जाऊ नका. हा हिशेब तुमच्या घरचा आहे. तुम्हाला आता अंक वाचता येतात. बेरीज-वजाबाकी येते. एवढ्यावर हा हिशेब होतो.

आपल्या तालुक्यातून पुष्कळ माणसे पोटासाठी बाहेर जातात. कोणी नांदेडला जातो. कोणी निजामाबादला, हैदराबादला जातो. कोणी पुण्याकडे चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जातो. सोयाबीन निघाले, तूर निघाली, की कोरडवाहू गड्याच्या हाताला काम राहत नाही. तेव्हा बाहेर जाण्यात वाईट काही नाही.

पण जाताना माणूस एकच प्रश्न विचारतो. "पगार किती?" दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो असा, "तिथे किराया किती?" पगार ऐकून माणूस निघतो आणि किरायापायी मागे फिरतो. रिकाम्या हाताने परत आला तर एक वेळ ठीक. कर्ज घेऊन आला तर वावर गहाण पडते. म्हणून निघायच्या आधी दोन्ही प्रश्न विचारावेत.

१. पगार कोणता धरावा?

कारखान्याचा माणूस सांगतो, "पंधरा हजार पगार." आपण खूश होतो. पण पंधरा हजार हातात पडतात का? नाही. आधी कपात होते.

एक, प्रॉव्हिडंट फंड. शंभरामागे बारा रुपये. सगळा पगार त्यात धरला असेल तर पंधरा हजारांवर १,८०० रुपये झाले.

दोन, कामगार विमा. शंभरामागे पाऊण रुपया, म्हणजे जुन्या भाषेत बारा आणे. त्याचे ११३ रुपये झाले.

तीन, महाराष्ट्रातला व्यवसाय कर. पुरुष कामगाराला या पगारावर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बाईमाणसाला पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.

आता बेरीज करा. १,८०० आणि ११३ आणि २००. झाले २,११३. पंधरा हजारांतून ते वजा करा. राहिले १२,८८७. हा तुमचा खरा पगार. किरायाचा हिशेब याच्यावर करायचा, पंधरा हजारांवर नाही.

फंडाचा पैसा बुडत नाही. तो तुमच्या नावावर जमा होतो. मालकालाही तेवढाच वाटा घालावा लागतो. विम्याच्या पैशातून दवाखाना मिळतो. पण घरमालक दारात उभा राहिला तर त्याला फंडाची चिठ्ठी दाखवून चालत नाही. त्याला रोकड लागते.

ओव्हरटाइमचेही असेच. एका महिन्यात जादा काम मिळते, दुसऱ्या महिन्यात मिळत नाही. दिवाळीचा बोनस वर्षातून एकदा. किराया मात्र दर महिन्याला ठरलेला. ठरलेला खर्च ठरलेल्या कमाईवरच बांधावा. रोजंदारीवर असाल तर मागच्या सहा महिन्यांत ज्या महिन्यात सगळ्यांत कमी पैसे मिळाले, तो महिना धरावा.

२. शंभरातले किती किरायाला द्यावेत?

लोक मला विचारतात, "गुरुजी, एक आकडा सांगा. शंभरातले किती किरायाला द्यावेत?" आकडे पुष्कळांनी सांगितले आहेत. तेही ऐकून घ्या.

अमेरिकेत सरकारी घरांत गरीब लोक राहतात. १९६९ साली तिथल्या सरकारने मर्यादा घातली. कमाईच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त किराया घ्यायचा नाही. पुढे १९८१ साली ही मर्यादा शंभराला तीस केली.

आपल्याकडे केंद्र सरकार आपल्या नोकरांना घरभाडे भत्ता देते. त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद पहिल्या वर्गात. नांदेड दुसऱ्या वर्गात. आपल्या देगलूरसारखी गावे तिसऱ्या वर्गात. २०२४ साली हा भत्ता मूळ पगाराच्या शंभर रुपयांमागे पहिल्या वर्गाला ३०, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० रुपये झाला. म्हणजे शहर मोठे तसा किरायाचा वाटा मोठा, हे सरकारही मानते. पण सरकारी नोकराला हा पैसा मूळ पगाराच्या वर मिळतो. हेल्परला, वॉचमनला, मिस्त्रीच्या हाताखालच्या गड्याला बहुतेक ठिकाणी असा वेगळा भत्ता नसतो. त्याने तीस रुपये काढायचे ते पोटातूनच काढायचे.

आता आपल्याच माणसांचा जुना हिशेब पाहा. १९२१-२२ साली मुंबईत सरकारच्या कामगार कचेरीने मजुरांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्यात गिरणीत काम करणारी पुष्कळ कुटुंबे होती. रुपयातले सुमारे नऊ आणे पोटाला जात. किरायाला जाई फक्त सव्वा आणा. तुम्ही म्हणाल, वा, किराया किती कमी! पण तो कमी का होता? बहुतेक कुटुंबे एकेका खोलीत राहत. खोली अंधारी, माणसे दाटीवाटीने. किराया वाचला, पण जागा, हवा आणि उजेड यांवर पाणी सोडावे लागले.

त्याच काळात सरकारने मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. त्यांना बीडीडी चाळी म्हणतात. एकूण २०७ इमारती. घरे नवी होती, भक्कम होती. तरी सुरुवातीला पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. कारण मजुराला तो किराया परवडत नव्हता आणि चाळी कामापासून दूर पडत होत्या. सरकारने घर बांधले, पण मजुराच्या खिशाचा हिशेब त्यात नीट बसला नाही.

जर्मनीत एर्न्स्ट एंगेल नावाचा एक पंडित होता. त्याने मजुरांच्या घरांचे हिशेब तपासले आणि १८५७ साली एक गोष्ट सांगितली. घर जितके गरीब, तितका त्याच्या कमाईचा मोठा वाटा जेवणावर जातो. हे आपल्या मायबहिणींना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे.

म्हणून मी तुम्हाला एकच आकडा देत नाही. साठ हजारवाल्याने शंभरातले तीस किरायाला दिले तरी त्याच्याकडे बेचाळीस हजार उरतात. बारा हजारवाल्याने तीस दिले तर ८,४०० उरतात. त्यात लेकरांचे दूधही आले आणि गावाकडचे म्हातारे आई-बापही आले. दोघांना एक माप लावून कसे चालेल?

३. आधी पोट, मग रूम

आपण उलट्या बाजूने हिशेब मांडू. आधी जे टाळता येत नाही ते मांडू. शेवटी जे उरेल ते किरायाला.

समजा, एक जोडपे आहे आणि एक लेकरू आहे. गड्याच्या हातात १२,८८७ रुपये पडतात. त्यांनी वही काढली आणि असे लिहिले :

गावाकडे आई-बापाला — २,०००
किराणा, पीठ, माळवं, दूध, गॅस — ५,०००
कामावर येणे-जाणे — ७००
लेकराची शाळा, वह्या — ५००
औषधपाणी आणि फोन — ६००
अडल्या वेळेसाठी शिल्लक — ८००
एकूण — ९,६००

१२,८८७ मधून ९,६०० गेले. राहिले ३,२८७. हा झाला घराचा वाटा. कमाईचा साधारण चौथा हिस्सा. पण हा सगळा किराया नाही. यातच लाईट आणि पाणी बसवायचे. त्याचे ४०० धरा. मग किरायाला राहिले २,८८७. या कुटुंबाने तीन हजारांच्या आतली रूम पाहावी.

हे आकडे मी उदाहरणाला घेतले. तुमचे आकडे तुम्ही घाला. पण पट्टी हीच ठेवा. कर्जाचा हप्ता असेल तर तोही यात लिहा. बचत गटाचा हप्ता असेल तर तोही लिहा.

कोणी म्हणेल, "अडल्या वेळेचे आठशे कशाला? तेवढीच चांगली रूम घेऊ." असे करू नका. लेकराला ताप येतो. कंपनी आठ दिवस बंद राहते. गावाकडून मयतीचा फोन येतो आणि रातोरात गाडी धरावी लागते. तेव्हा आठशे रुपये नसले की सावकाराचे दार दिसते.

आणि हा हिशेब नवरा-बायकोने मिळून मांडावा. गड्याला पगार ठाऊक असतो. पिठाचा डबा कोणत्या तारखेला खाली होतो ते बाईला ठाऊक असते. एकट्याने मांडलेला हिशेब निम्माच असतो.

४. लपलेला किराया

घरमालक सांगतो तेवढाच किराया नसतो. काही किराया लपलेला असतो. तो शोधून काढावा.

पहिला लपलेला किराया डिपॉझिटचा. मालक आधी दहा हजार मागतो. ते परत मिळणार असतात, म्हणून आपण त्यांचा हिशेब धरत नाही. पण तुमच्याजवळ दहा हजार नव्हते आणि तुम्ही ते महिना शेकडा तीन रुपयांनी काढले, तर व्याज किती? महिन्याला ३००. वर्षाला ३,६००. म्हणजे ४,५०० ची रूम तुम्हाला ४,८०० ला पडली. आणि मुद्दल तसेच उभे आहे. म्हणून डिपॉझिट जमेल तेवढे घरून साठवून न्यावे. मालकाला विनंती करावी, "दोन हप्त्यांत देतो." पुष्कळ मालक ऐकतात.

दुसरा लपलेला किराया रस्त्याचा. एक रूम लांब आहे, ३,००० ला. दुसरी कारखान्याजवळ आहे, ३,९०० ला. स्वस्त कोणती? लांबच्या रूमवरून जायला-यायला रोज ५० रुपये लागतात. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे. २६ गुणिले ५०, झाले १,३००. तीन हजारांत मिळवा. झाले ४,३००. जवळच्या रूमवरून पायी जाता येते. ती ३,९०० लाच पडली. वर रोजचा वेळ वाचला. कागदावर स्वस्त दिसते ते खिशाला स्वस्त असतेच असे नाही.

तिसरा लपलेला किराया लाईटचा. काही मालक आपले छोटे मीटर लावतात आणि युनिटमागे मनाचा दर घेतात. रूम घेण्याआधी विचारा, "युनिटला किती?" आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. पाण्याचेही विचारा. नळ किती दिवसांनी येतो? उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतो?

५. रूम महाग निघाली तर?

आता खरी अडचण. आपला हिशेब म्हणतो, तीन हजारांच्या आत. शहरात रूम मिळते ४,५०० ला. काय करावे? जेवणातून कापू नये. लेकराची शाळा कापू नये. मग वाटा किती उरल्या?

एक, पहिल्या वर्षी गड्याने एकट्याने जावे. चौघांनी मिळून ४,५०० ची रूम घेतली तर एकेकाला १,१२५ पडतात. नोकरी टिकते का, पगार वेळेवर होतो का, हे कळले की मग कुटुंब न्यावे. यात घराची ताटातूट होते, हे मला कळते. पण वर्षभराची ताटातूट कायमच्या कर्जापेक्षा बरी.

दोन, घरधनीणही कमावत असेल तर तिची कमाई धरावी. पण ती सहा महिने नियमित झाल्यावर धरावी. आणि ती कामावर जाताना लेकराला कोण पाहील, त्याला काय खर्च येईल, तेही लिहावे.

तीन, जायचेच का, हे एकदा पुन्हा विचारावे. तो हिशेबही मांडून पाहू.

६. जावे की राहावे?

समजा दोन भाऊ आहेत. धाकटा देगलूरलाच दुकानात राहिला. पगार ९,०००. घर स्वतःचे. लाईटचे ३०० गेले. राहिले ८,७००.

थोरला पुण्याकडे गेला. पगार पंधरा हजार. हातात १२,८८७. रूमचे ४,५०० गेले. लाईट-पाण्याचे ४००. कामावर येण्या-जाण्याचे ७००. पोळा, दिवाळी, येळवस, लग्नकार्य यांना गावी यायचे भाडे महिन्यावर वाटून ६०० धरा. एकूण गेले ६,२००. राहिले ६,६८७.

पाहा बरे. पगार मोठा थोरल्याचा. पण जेवणखाण करायला हातात जास्त पैसे धाकट्याच्या. दोन हजारांहून थोडे जास्तच.

पण हिशेब अर्धवट सोडू नये. थोरल्याचे १,८०० दर महिन्याला फंडात साठतात. मालकाचा वाटा निराळा. दवाखान्याचा विमा आहे. हे धरले तर दोघे जवळपास बरोबरीला येतात. आणि थोरल्याला २,९०० ची रूम मिळाली असती तर? त्याच्या हातात ८,२८७ राहिले असते. वर फंड. मग तो पुढे गेला असता.

म्हणजे बाहेर जाणे फायद्याचे की तोट्याचे, हे पगारावर जेवढे ठरते तेवढेच किरायावर ठरते. पंधराशे-सोळाशे रुपयांच्या फरकात सारे गणित फिरते. म्हणून आधी गेलेल्या सोयऱ्याला फोन करून विचारा. रूम कुठे, किती लांब, किती डिपॉझिट, पाणी कसे. लाज धरू नका.

७. कागद वाचून सही करा

पूर्वी आपल्या मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ सालचा किराया कायदा चालत असे. आता सगळ्या महाराष्ट्राला एकच कायदा आहे. तो १९९९ सालचा. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

घर किरायाने देताना लेखी करार करावा लागतो आणि तो नोंदवावा लागतो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ते केले नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

लेखी नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकाला ते खोटे आहे असे सिद्ध करावे लागते.

किराया दिला की मालकाने लेखी पावती दिली पाहिजे. फोनवरून पैसे पाठवले तर तो निरोप पुसून टाकू नका. तोही पुरावा आहे.

भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी मालकाने सबळ कारणाशिवाय लाईट-पाणी तोडता कामा नये.

हैदराबाद, निजामाबाद तेलंगणात आहेत. तिथला कायदा निराळा आहे. पण कागद आणि पावती तिथेही मागावी.

करारावर सही करण्याआधी पाच गोष्टी बोट ठेवून वाचा. किराया अंकी आणि अक्षरी किती? डिपॉझिट किती आणि परत केव्हा? लाईट-पाणी कोणाकडे? करार किती महिन्यांचा? रूम सोडताना किती दिवस आधी सांगायचे? पूर्वी आपली माणसे दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा देत. तुम्हाला आता वाचता येते. कोणी घाई केली तर म्हणा, "थांबा साहेब, वाचून सही करतो." मालक रागावणार नाही. रागावला तर ती रूम घेऊ नये.

आणि आपणही नीट वागावे. मालक काही सगळेच श्रीमंत नसतात. एखादी विधवा बाई एक खोली किरायाने देऊन तिच्यावर घर चालवते. ठरल्या तारखेला पैसे द्यावेत. अडचण असेल तर तारखेच्या आधी सांगावे. वेळेवर किराया देणाऱ्याला मालक सहसा उठवत नाही.

मंडळी, अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. पण अंथरूण किती लांब आहे ते मोजल्याशिवाय कसे कळणार? ती मोजपट्टी आता तुमच्या हातात आहे. आज घरी गेल्यावर वही काढा आणि पहिली ओळ लिहा, "हातात पडणारा पगार." बाकीच्या ओळी घरच्या माणसांसोबत बसून लिहा. तुमच्या घरचे कोणी बाहेर असेल तर त्याला फोनवर हे वाचून दाखवा.



लक्षात ठेवा

• कपात जाऊन हातात पडेल तोच पगार.
• ओव्हरटाइम आणि बोनस किरायाच्या हिशेबात धरू नये.
• आधी पोट, शाळा, औषध, हप्ता आणि शिल्लक. उरेल त्यात रूम, लाईट आणि पाणी.
• डिपॉझिटचे व्याज आणि रस्त्याचा खर्च हाही किरायाच.
• वाचल्याशिवाय सही नाही. पावतीशिवाय पैसे नाहीत.

सराव

एका बाईला हातात १०,५०० रुपये पगार मिळतो. तिचा खर्च असा आहे : गावाकडे १,५००, जेवणखाण ४,२००, येणे-जाणे ६००, शाळा ४००, औषध व फोन ५००, शिल्लक ७००. लाईट-पाण्याला ३५० लागतात. तिने जास्तीत जास्त किती किरायाची रूम घ्यावी?

(उत्तर : २,२५० रुपये. आधी स्वतः करून पाहा, मग ताडून घ्या.)